रेफरच्या आधीची वीस मिनिटे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की सिंधुदुर्गातल्या बातम्यांत एक वाक्य हमखास येते : 'प्राथमिक उपचार करून रुग्णाला अधिक उपचारांसाठी बांबोळी येथे हलविण्यात आले.' (बांबोळी म्हणजे गोव्याचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय.) वाचणाऱ्याला या वाक्यात वावगे काही वाटत नाही. आरोग्यसेवेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना मात्र पहिल्या दोन शब्दांशीच अडायला होते. प्राथमिक उपचार म्हणजे नेमके काय केले? सलाईन लावले, धनुर्वाताचे इंजेक्शन टोचले, चिठ्ठी खरडली आणि १०८ बोलावली, एवढेच केले असेल तर उपचार झालेच नाहीत, रुग्णाचा फक्त पत्ता बदलला.

रिक्त पदे, रखडलेल्या इमारती, मेडिकल कॉलेज यांवर आपल्या अंकात वारंवार छापून येते आणि ते यायलाच हवे. पण पदे भरेपर्यंत रुग्ण थांबत नाहीत. आज हाताशी आहेत तेवढ्या माणसांत आणि आहेत त्याच खोल्यांत, रेफर करण्याआधी काय करता येते आणि ते का होत नाही, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

कागदावर साखळी नीट आहे. सपाट भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र; ३०,००० किंवा २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी); त्यावर ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय आणि वर ओरोसचे जिल्ह्याचे रुग्णालय. मेख अशी की या साखळीच्या कड्या तीन वेगळ्या हातांत आहेत. उपकेंद्र आणि पीएचसी जिल्हा परिषदेची, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांची. वैद्यकीय महाविद्यालय आले की तिसरे खाते, वैद्यकीय शिक्षण विभाग. रुग्ण एका रात्रीत तिघांच्या हद्दीतून जातो, औषध मात्र हद्द ओलांडत नाही. एखाद्या पीएचसीत मुदत संपत आलेल्या सर्पदंशाच्या लसी पडून असतात आणि शेजारच्याच ग्रामीण रुग्णालयात त्या संपलेल्या असतात, कारण एका खात्याचा साठा दुसऱ्याला द्यायचा तर पत्र लागते, पत्रावर सही लागते आणि ई-औषधी प्रणालीत नोंद फिरवावी लागते. हे काम कचेरीच्या वेळेतही दोन दिवसांचे आहे. साप रात्री चावतो.

सर्पदंशावर जरा सविस्तर लिहितो, कारण रेफरचे सगळे दोष त्यात एका जागी दिसतात. आपल्याकडे मिळणारी लस, म्हणजे एएसव्ही, चार सापांच्या विषावर चालते : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. कोकणात यातले फुरसे सर्वाधिक दगा देते. हातभरही लांब नसलेला हा साप जांभ्याच्या गडग्यात, काजूच्या पातेऱ्यात, भाताच्या मेरेवर असतो. काजू वेचणारा हात नाहीतर अनवाणी पाय त्याच्या तोंडी जातो. दंशानंतर थोडी सूज, थोडी आग. माणूस हिंडता-फिरता असतो, बोलत असतो. म्हणून घरचे 'बारका साप होता' म्हणतात आणि ओपीडीतही कधीकधी तेच मान्य होते. आत मात्र रक्त गोठायची शक्ती संपत आलेली असते. हिरडीतून, लघवीतून, दंशाच्या जागेतून रक्त झिरपू लागेपर्यंत बराच वेळ हातचा गेलेला असतो.

हे आधी कळावे म्हणून एक तपासणी आहे. तिला ना मशीन लागते ना वीज. शिरेतून २ मिली ताजे रक्त काढायचे, कोऱ्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये सोडायचे, स्टँडवर ठेवायचे आणि २० मिनिटे तिला हात लावायचा नाही. वीस मिनिटे झाली की एकदाच तिरकी करून पाहायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर ते गोठत नाही, विष भिनले आहे, एएसव्ही सुरू करायची. गोठले असले तरी रुग्णाला घरी सोडायचे नाही : पहिले तीन तास दर तासाला आणि पुढे दिवसभर सहा-सहा तासांनी तीच तपासणी पुन्हा.

इतकी साधी तपासणी चुकते कशी, तर नळीपाशी. काचेचा पृष्ठभाग रक्त गोठण्याची क्रिया सुरू करून देतो, प्लॅस्टिकचा तितका देत नाही. आता पुरवठ्यात येतात त्या बहुतेक प्लॅस्टिकच्या नळ्या. त्यांतल्या काहींत रक्त गोठू नये म्हणून आधीच औषध असते. त्यात घातलेले रक्त वीस मिनिटांनी वाहणारच, माणसाला साप चावला असो वा नसो. दुसरी चूक, काचेची नळी साबणाने धुऊन पुन्हा वापरणे. साबणाचा अंश राहिला की रक्त गोठत नाही आणि नाहक एएसव्ही दिली जाते. तिसरी, अधीरपणे पाचव्या मिनिटाला नळी हलवून बघणे. उपाय म्हणजे कोऱ्या काचेच्या नळ्यांचा एक खोका, त्यावर 'फक्त सर्पदंशासाठी' अशी चिठ्ठी, आणि भिंतीवर सेकंदकाट्याचे चालू घड्याळ. स्थानिक खरेदीसाठी पीएचसीकडे अबंधित निधी असतो, रुग्ण कल्याण समिती असते. एवढ्यासाठी मंत्रालयात कोणी जायला नको.

आता लस. विषबाधेची लक्षणे दिसली की सुरुवातीचा डोस १० व्हायल (कुप्या), लहान मुलालाही तेवढाच, कारण साप वजन बघून विष टाकत नाही. भुकटीच्या रूपातल्या प्रत्येक व्हायलमध्ये १० मिली पाणी घालून ती हळूच फिरवत विरघळवायची. जोरात हलवली की फेस येतो आणि औषध वाया जाते. दहा व्हायल विरघळवायला एकट्या सिस्टरला पंधरा-वीस मिनिटे सहज लागतात, म्हणून हे काम दोघांचे आहे. मग सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या ते एका तासात शिरेवाटे. लस घ्यायच्या आधी त्वचेवर थेंब टोचून 'टेस्ट डोस' बघण्याची जुनी पद्धत केव्हाच रद्द झाली आहे. ती रिअॅक्शन ओळखत नाही, फक्त वेळ खाते. त्याऐवजी अॅड्रेनालिनचे अर्धा मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवावे. अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, श्वास लागला, बीपी पडले की लस थांबवून ते मांडीच्या स्नायूत द्यायचे आणि रुग्ण सावरला की लस पुन्हा सावकाश सुरू करायची.

ही रिअॅक्शनची भीतीच पीएचसीतून रुग्ण लस न देता पुढे जाण्याचे मोठे कारण आहे. एकटा वैद्यकीय अधिकारी, बाहेर वीस-पंचवीस नातेवाईक, रिअॅक्शन आली तर 'डॉक्टरने चुकीचे इंजेक्शन दिले' ही बोंब ठरलेली. त्यापेक्षा चिठ्ठी सोपी. या माणसाला भित्रा म्हणणे आम्हाला पटत नाही. त्याने प्रोटोकॉलप्रमाणे लस दिली आणि रिअॅक्शन आली तर खाते त्याच्या पाठीशी उभे राहील, असे लेखी परिपत्रक त्याच्या टेबलाच्या काचेखाली असेल तर तो देईल.

दुसरे कारण साठ्याचे. पीएचसीला चार व्हायल, सहा व्हायल असे वाटप होते. कागदावर 'एएसव्ही उपलब्ध' लागते. डोसच दहाचा असताना चार व्हायल असलेले केंद्र आणि एकही नसलेले केंद्र यांत रुग्णाच्या दृष्टीने काय फरक? त्यातून चार देऊन पुढे पाठवण्याची पद्धत पडते आणि पुढच्या डॉक्टरला वाटते की डोस झाला आहे. वाटप दहाच्या पटीतच व्हावे, आणि जून ते ऑक्टोबरात प्रत्येक पीएचसीत निदान दोन पूर्ण डोस असावेत. पहिला डोस इथे सुरू झाला तर वाटेतला वेळ औषधाच्या कामाचा ठरतो. दुसऱ्या डोसचा निर्णय सहा तासांनी, पुन्हा तीच नळी बघून घ्यायचा. गोठण्याचे घटक यकृतात नव्याने तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच, त्याआधी घाईने आणखी दहा व्हायल ओतून काही साधत नाही.

मण्यारीचे प्रकरण वेगळे. ती रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. ना दुखते ना सुजते. पहाटे पोटात कळ, उलटी, घशाशी अडखळल्यासारखे, आणि पापण्या जड. हे ॲसिडिटी म्हणून गोळी देऊन घरी धाडले जाते. खाली झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन आला तर त्याला वर बघायला सांगून पापण्या उचलतात का, एवढे पाहायला अर्धा मिनिट पुरतो. नाग-मण्यारीच्या दंशात लसीबरोबर अॅट्रोपिन आणि निओस्टिग्मिन देऊन बघतात. नागाच्या विषात त्याचा गुण चांगला येतो, मण्यारीच्या बाबतीत भरवसा नाही. खरी लढाई श्वासाची. अशा रुग्णाला नुसता ऑक्सिजनचा मास्क चढवून गाडीत घातले तर गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका येईस्तोवर श्वास थांबलेला असू शकतो. बरोबर अॅम्बू बॅग आणि ती दाबता येणारा माणूस हवा. हाताने श्वास देत राहिले तर असा रुग्ण पुरता बरा होतो.

आपल्या डोंगरपट्ट्यात चापडे जातीचे विषारी सापही आहेत, हिरवे आणि तपकिरी. त्यांच्या विषावर ही लस चालत नाही. म्हणून साप कोणता हे जमले तर दुरून काढलेल्या मोबाइलच्या फोटोवरून कळवावे. साप मारून पिशवीत घालून आणू नये. मेलेल्या सापाचे डोकेही चावू शकते, आणि तो शोधण्यात तास जातो. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, त्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरले आहे. तो आकडा खाली यायचा तर असा, काचेच्या नळीपासून.

दुसरा प्रसंग बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा. इथे वीस मिनिटेही चैनीची वाटतात. बाळ बाहेर आल्यापासून मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळण्याचे औषध, १० युनिट स्नायूत द्यायचे, हे सगळ्या सिस्टरना पाठ आहे. पण हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. लेबर रूमच्या ट्रेमध्ये मे महिन्याच्या उकाड्यात आठवडाभर पडलेल्या अँप्युलमध्ये नावापुरतेच औषध उरते. मग 'इंजेक्शन देऊनही पिशवी आवळत नाही' अशी नोंद होते आणि दोष बाईच्या प्रकृतीला. ट्रेमध्ये त्या ड्युटीपुरती अँप्युल काढावी, बाकी फ्रिजमध्ये, आणि फ्रिजचे तापमान दोनदा वहीत लिहावे. लसींच्या फ्रिजला ही शिस्त लागली आहे, लेबर रूमच्या फ्रिजला अजून नाही. तिथे पाण्याच्या बाटल्या आणि डबे असतात.

रक्त किती गेले याचा अंदाज डोळ्यांनी नेहमी कमी येतो. ५०० मिलीच्या पुढे गेले की तो रक्तस्राव समजायचा, पण चादरीत, पॅडमध्ये, बादलीत वाटले गेलेले रक्त कोणी मोजायचे? खुणा केलेली मापाची पिशवी मांड्यांखाली लावली किंवा पॅड वजनकाट्यावर ठेवले (एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली) की वाद संपतो. मग क्रम असा : हाका मारून माणसे जमवा, पोटावरून गर्भाशय चोळा, लघवीची पिशवी रिकामी करा (भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय आवळत नाही, हे गडबडीत विसरते), दोन्ही हातांना १६ किंवा १८ नंबरच्या जाड सुया, ऑक्सिटोसिनचे सलाईन, आणि रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत शिरेवाटे. हे शेवटचे औषध बाळंतपणापासून तीन तासांच्या आतच उपयोगी आहे, आणि उशीर होईल तसा गुण कमी होत जातो. म्हणजे ते 'वरच्या दवाखान्यात देतील' म्हणून ठेवण्यासारखे नव्हे. वार पूर्ण पडली का, कुठे फाटले आहे का, हेही पाहायचे. एवढ्यानेही थांबत नसेल तर कॅथेटरला कंडोम बांधून गर्भाशयात ठेवायचा आणि ३०० ते ५०० मिली सलाईनने फुगवायचा. सगळे साहित्य पीएचसीत असतेच. निर्जंतुक करून एका पाकिटात एकत्र बांधलेले नसते, इतकेच. गाडी सुटते ती फुगा आत असताना सुटली तर वाटेत वेळ मिळतो. झटक्याच्या गरोदर बाईचेही तसेच : मॅग्नेशियम सल्फेटच्या ५० टक्क्यांच्या पाच-पाच अँप्युल दोन्ही कुल्ल्यांत, म्हणजे ५ आणि ५ मिळून १० ग्रॅम, दिल्याशिवाय तिला दारातून बाहेर काढू नये.

या दोन्ही प्रसंगांत पुढचा अडसर रक्ताचा. रक्तपेढी ही मोठी गोष्ट आहे, ती तालुक्याला शक्य नाही. रक्त साठवणूक केंद्र मात्र शक्य आहे आणि ते वापराअभावी कुलपात जाते, याचे आम्हाला जास्त वाईट वाटते. नियम फार जाचक नाहीत. वर्षाला २,००० पिशव्यांपर्यंत आपल्याच रुग्णांसाठी वापरणाऱ्या केंद्राला रक्तपेढीचा पूर्ण परवाना लागत नाही, अन्न व औषध प्रशासनाची मान्यता पुरते. जागा किमान १० चौरस मीटर, शक्यतो वातानुकूलित. ४ अंशांच्या आसपास स्थिर राहणारा आणि बिघडला की ओरडणारा रक्ताचा फ्रिज. एक प्रशिक्षित डॉक्टर, एक प्रशिक्षित तंत्रज्ञ. आणि जिच्याकडून रक्त यायचे त्या मातृरक्तपेढीशी लेखी करार. साठा म्हणून ए, बी आणि ओ पॉझिटिव्हच्या पाच-पाच, एबी पॉझिटिव्हच्या दोन आणि ए, बी, ओ निगेटिव्हची एकेक, मिळून वीस पिशव्या.

बंद का पडते? तंत्रज्ञाची बदली होते. त्याने प्रशिक्षण घेतलेले असते, नव्याने आलेल्याने नसते, आणि मान्यता माणसांच्या नावावर असते. मान्यतेची मुदत दोन वर्षे. नूतनीकरणाचा प्रस्ताव वेळेवर कोणी पाठवत नाही. महावितरणची लाइन पावसात जाते आणि जनरेटरच्या डिझेलचा हिशेब कोणत्या शीर्षाखाली टाकायचा यावर टिपण फिरते. पण सगळ्यांत मोठे कारण भीतीचे : पिशवी मुदतबाह्य झाली तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. म्हणून काही ठिकाणी पिशव्या मागवणेच बंद करतात. पिशवी वाया जाण्याचा प्रश्न सोडवून ठेवलेला आहे. साध्या रक्ताची मुदत ३५ दिवस. संपायच्या किमान दहा दिवस आधी ती पिशवी मातृरक्तपेढीकडे परत पाठवून ताजी घ्यायची, तिकडे मोठ्या वापरात ती लगेच लागते. अट एकच, साधारण तीन आठवड्यांनी शीतपेटी घेऊन एक गाडी ठरल्या दिवशी फिरली पाहिजे. हे वेळापत्रक लसीकरणाच्या गाडीला जोडता येते. आणि एवढे करूनही वर्षाकाठी दोन-चार पिशव्या टाकाव्या लागल्या तर लागू द्याव्यात. आग लागली नाही म्हणून अग्निशमनाच्या बंबाची कोणी वसुली काढत नाही.

रक्त आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, पण भूलतज्ज्ञ नाहीत, असे जुळते तेव्हा सिझेरियन होत नाही. तिन्ही एका रात्री एका छपराखाली असणे प्रत्येक तालुक्याला जमणार नाही, हे मान्य करून टाकावे. तीन तालुक्यांत मिळून एक भूलतज्ज्ञ असेल तर त्याला तीन ठिकाणी ओढण्यापेक्षा आज रात्री तो कुठे आहे ते सगळ्यांना कळवणे हिताचे. रोज संध्याकाळी पाच वाजता जिल्ह्यातून एक निरोप प्रत्येक पीएचसी, प्रत्येक आशाताई आणि प्रत्येक १०८ च्या पायलटच्या फोनवर जावा : आज रात्री सिझेरियन कुठे होईल, रक्त कुठे आहे, व्हेंटिलेटर कुठे रिकामा आहे. आज नातेवाईक आधी जवळच्या दवाखान्यात, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या असे फिरतात, आणि प्रत्येक ठिकाणी तासभर घालवतात. खासगी भूलतज्ज्ञाला प्रतिकेस मानधनावर बोलावण्याची सोय राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहे. बिले सहा-सहा महिने अडकली की तो रात्री फोन उचलत नाही, यात आश्चर्य ते काय.

गाडीबद्दल थोडक्यात. १०८ ची सेवा राज्यात २०१४ साली ९३७ गाड्यांनी सुरू झाली, त्यातल्या २३३ व्हेंटिलेटरसारखी साधने असलेल्या आणि ७०४ मूलभूत सोयींच्या. फोन करताना कोणती हवी ते सांगावे लागते, श्वास लागलेल्या रुग्णासाठी साधी गाडी आली तर तिच्यात घालायचे की थांबायचे हा पेच पडतो. ऑक्सिजनचे गणित गाडी सुटण्याआधी करावे. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो; मिनिटाला १० लिटरने तो अडीच तास पुरतो, काटा निम्म्यावर असेल तर सव्वा तास. घाटरस्ता, पाऊस आणि फाटकावर गेलेला वेळ धरला तर सव्वा तास काहीच नाही. आणि जी गाडी गोव्याला जाऊन येते ती चार-पाच तास तालुक्याला नसते. अनावश्यक रेफर झालेला रुग्ण दुसऱ्या कोणाची गाडी घेऊन गेलेला असतो. गणपतीत चाकरमान्यांनी गावे भरतात तेव्हा हे फार जाणवते.

चिठ्ठीविषयी मात्र आग्रहाने लिहायचे आहे. 'सर्पदंश, पुढील उपचारांसाठी' या तीन शब्दांची चिठ्ठी बहुधा मागून मोटारसायकलने येणाऱ्या काकांच्या खिशात असते. पुढचा डॉक्टर सगळे नव्याने सुरू करतो. चिठ्ठीत हवे ते एवढेच : दंशाची किंवा बाळंतपणाची वेळ, दवाखान्यात आल्याची वेळ, नळीच्या तपासणीची वेळ आणि निकाल, दिलेली औषधे डोस आणि वेळेसह, लसीचा बॅच क्रमांक, निघतानाचे बीपी-नाडी-श्वास, लघवी किती झाली, रक्तगट, पाठवणाऱ्याचा मोबाइल, आणि पलीकडे ज्याच्याशी बोलणे झाले त्याचे नाव. शेवटचा रकाना रिकामा असेल तर रेफर पूर्ण झाले असे मानू नये. त्यासाठी पलीकडे चोवीस तास उचलला जाणारा एक फोन लागतो. आज तो क्रमांक म्हणजे कोणा परिचितातल्या निवासी डॉक्टरचा खासगी मोबाइल असतो. तो कोर्स संपवून गेला की दुवा तुटतो. रक्तस्रावाच्या रुग्णाबरोबर नाव-वेळ लिहिलेली रक्ताची नळी पाठवली आणि आधी फोन केला, तर तिकडे गट जुळवण्याचे काम गाडीतून स्ट्रेचर उतरताच सुरू होते.

उलटा निरोप तर येतच नाही. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडाला इजा झालेला रुग्ण डायलिसिस करून घरी परततो, त्याचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पुढे तपासायचे असते. पण पीएचसीला तो परतल्याचे कळते ते साथरोगाच्या सर्वेक्षणाला गेलेल्या आरोग्यसेवकाने घरात पाहिले तर. डिस्चार्ज कार्डाची एक प्रत किंवा निदान फोटो पाठवणाऱ्या केंद्राला गेला पाहिजे. आपण पाठवलेल्याचे पुढे काय झाले हे कळल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरचा हात सुधारत नाही.

बांबोळीचे काय? दोडामार्गकरांना ओरोसपेक्षा ती जवळ आहे, तेव्हा तिकडे रुग्ण जाणारच, आणि गंभीर रुग्णाने जावेही. गोवा सरकारने १ जानेवारी २०१८ पासून बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा आपल्याकडे मोठी ओरड झाली. गोव्याच्या करदात्याने शेजारच्या जिल्ह्याचा भार किती उचलावा हा त्यांच्या बाजूने रास्त प्रश्न होता. आपण त्यांना काय देऊ शकतो? नीट तयार करून, आधी कळवून, कागदासह पाठवलेला रुग्ण. आणि बरा होत आलेला रुग्ण लवकर आपल्या ग्रामीण रुग्णालयात परत घेण्याची हमी, म्हणजे त्यांची खाट मोकळी होते. दोन्ही बाजूंच्या आरोग्य खात्यांनी एवढ्यावर लेखी करार करावा. आपल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. म्हणजे ड्रेसिंग, टाके, उरलेली इंजेक्शने यांसाठी परतलेल्या रुग्णाला खिशाला चाट बसायचे कारण नाही.

जिल्हा प्रशासनाकडे मागणी मोठी नाही. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाने महिन्याला एक तक्ता द्यावा : किती रुग्ण रेफर केले, कशासाठी, निघण्याआधी कोणते औषध दिले, पलीकडे फोन झाला का, आणि रुग्ण पोहोचला तेव्हा कसा होता. नावे नकोत, आकडे पुरेत. तीन खात्यांचे अधिकारी महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसून तो वाचोत. आणि संपादकसाहेब, तालुकावार पावसाचे मिलिमीटर आपण रोज छापता. त्याच पानावर महिन्यातून एकदा या तक्त्याला चार इंच जागा द्यावी, ही आपल्याला विनंती.

आपले,
ग्रामीण आरोग्यसेवेतील काही वैद्यकीय अधिकारी, अधिपरिचारिका व प्रयोगशाळा तंत्रज्ञ
जि. सिंधुदुर्ग